संत जॉन बॉस्को आणि त्यांचा करडा सोबती

पहाटेच्या मिस्सेची पहिली घंटा झाली म्हणजे आमच्या धर्मग्रामातील काही वृद्ध माता हातात जपमाळ घेऊन अंधारातून देवळाकडे निघतात. त्यांच्यापैकी एखादीच्या मागे दोन पावलांवर घरचा कुत्रा चालत असतो. ती आत गेली म्हणजे तो पायरीशी अंग मुडपून बसतो, आणि मिस्सा आटोपून ती बाहेर आली की अंग झाडून पुन्हा तिच्या संगतीने घरी जातो. त्यास कोणी बोलाविलेले नसते, कोणी वेतन ठरवून दिलेले नसते. उलट देवळाच्या दाराशी आला म्हणून आपणच कित्येकदा त्यास हाड म्हणून हाकलतो.

जुबिलीच्या या स्मरणिकेत ज्यांनी देऊळ बांधिले, ज्यांनी शाळा चालविली, ज्यांनी देणग्या दिल्या, त्या सर्वांची नावे योग्य तेथे येतील. पायरीशी बसणाऱ्या या मुक्या सोबत्याचे नाव मात्र कोणत्याही यादीत येणार नाही. म्हणून ज्यांच्या आयुष्यात अशाच एका बिननावाच्या, बिनधन्याच्या कुत्र्याने मोठी कामगिरी बजाविली, त्या संत जॉन बॉस्को यांचे चरित्र आम्ही येथे सांगावयाचे योजिले आहे.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीत झाला. आपण १५ ऑगस्टला, म्हणजे मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी जन्मलो, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. परंतु बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत १६ तारीख आहे. हा दिवस संत रॉक यांच्या सणाचा. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता हे संत स्वतः त्या व्याधीने ग्रासले जाऊन रानात एकटे पडले, आणि एका कुत्र्याने रोज भाकर आणून त्यांस जगविले, अशी परंपरा आहे. म्हणून त्यांच्या प्रतिमेत पायाशी कुत्रा दाखवितात. मुंबईच्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगात आपल्या पूर्वजांनी उभारलेले क्रूस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अशा रोग्याला जवळ करणारा प्राणी म्हणजे काय, हे सांगावयास नको. अशा संताच्या सणादिवशी जॉन जन्मास आले, यात आम्हांस ईश्वरी योजनेची एक गोड खूण दिसते.

जॉन दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच, १८१७ च्या मे महिन्यात, त्यांचे वडील फ्रान्सिस न्युमोनियाने वारले. घरात वृद्ध सासू, पहिल्या पत्नीचा मुलगा अँथनी, आणि पोटचे जोसेफ व जॉन. एवढा भार मार्गारेटबाईंच्या शिरावर पडला. त्यांस लिहितावाचता येत नसे, परंतु प्रार्थना आणि कष्ट ही दोन्ही त्यांनी मुलांस आपल्या उदाहरणाने शिकविली.

नऊ वर्षांच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ मुले शिव्याशाप देत भांडत आहेत आणि तो त्यांस गप्प करण्यासाठी ठोसे मारीत त्यांच्यात घुसला आहे, असे त्याने पाहिले. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यास थांबविले आणि मारून नव्हे, तर सौम्यतेने व प्रेमाने यांस आपलेसे कर, असा उपदेश केला. मग एक तेजस्वी स्त्री दिसली. क्षणात मुलांच्या जागी बोकडे, कुत्री, मांजरे, अस्वले असे पशू दिसू लागले, आणि पुढच्या क्षणी त्या सर्वांची कोकरे झाली. या स्वप्नाचा अर्थ त्या वेळी घरात कोणालाच उलगडला नाही. परंतु मारून नव्हे, प्रेमाने, ही आज्ञा जॉनच्या मनात जी रुजली ती कायमची.

जॉनला शिकावयाचे होते, परंतु थोरल्या सावत्र भावास ते रुचत नसे. घरातील कलह विकोपास गेला तेव्हा मार्गारेटबाईंनी जड अंतःकरणाने त्यास घराबाहेर चाकरीस पाठविले. बगलेत कपड्यांचे गाठोडे घेऊन ऐन हिवाळ्यात हा पोरका मुलगा मोंकुक्को गावी मोलिया कुटुंबाच्या शेतावर आला आणि तेथे गुरे राखू लागला. या वाटेची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचा पुन्हा प्रसंग येणार आहे.

पुढे किएरी गावी अनेक अडचणी सोसून जॉनने शिक्षण पुरे केले, १८३५ साली तो सेमिनरीत गेला आणि ५ जून १८४१ रोजी तुरिन शहरी त्यास गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूंस आदराने डॉन म्हणतात. म्हणून तेव्हापासून जग त्यांस डॉन बॉस्को या नावाने ओळखते.

तुरिन त्या काळी वाढते शहर होते. खेड्यांतून कामासाठी आलेली गवंड्यांच्या हाताखालची पोरे, चिमण्या साफ करणारी पोरे रस्त्यांवर हिंडत असत. आपले गुरू संत जोसेफ काफास्सो यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊ लागले, तेव्हा तेथे बारा ते अठरा वर्षांची मुले कोंडलेली पाहून त्यांचे हृदय विदीर्ण झाले. त्याहूनही एक गोष्ट त्यांस अधिक लागली. सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तुरुंगात परत येत. आणि त्याचे कारण असे की बाहेर आल्यावर त्यांच्याबरोबर चालणारे कोणीच नसे.

८ डिसेंबर १८४१ रोजी, मारियामातेच्या अमलोद्भवाच्या सणादिवशी, डॉन बॉस्को संत फ्रान्सिस यांच्या देवळात मिस्सेसाठी वस्त्रे परिधान करीत होते. कोपऱ्यात एक मुलगा उभा होता. मिस्सेची सेवा करता येत नाही असे त्याने सांगताच देवळाच्या सेवकाने त्यास झाडणीच्या काठीने बडविले आणि बाहेर पिटाळले. डॉन बॉस्कोंनी सेवकास अडविले; हा माझा मित्र आहे, याला परत बोलावून आण, असे त्यास बजाविले. बार्थोलोम्यू गारेल्ली असे त्या मुलाचे नाव. मायबाप नाहीत, अक्षरओळख नाही, प्रार्थना येत नाही. मिस्सा आटोपल्यावर डॉन बॉस्कोंनी त्याच्यासह एक नमो मारिया म्हटली आणि त्यास पहिला धर्मपाठ दिला. पुढे जगभर पसरलेल्या सालेशियन कार्याचा आरंभ या काठी अडविण्यापासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

एकाचे अनेक झाले. रविवारी जमणाऱ्या या मुलांचा गलका कोणास सोसवेना, म्हणून त्यांस जागोजाग हाकलण्यात आले. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, शहराबाहेर वाल्दोक्को येथे पिनार्डी नामक गृहस्थाच्या एका बुटक्या पडवीत त्यांस कायमची जागा मिळाली. या मुलांच्या मेळ्यास ओरेटरी असे नाव होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मार्गारेटबाई आपले गाव सोडून मुलाबरोबर पायी तेथे आल्या आणि शेकडो पोरक्या मुलांच्या आई झाल्या. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री चिंब भिजलेला एक अनाथ मुलगा दारात येऊन उभा राहिला. मायलेकांनी त्यास जेवू घातले व स्वयंपाकघरातच अंथरूण घालून दिले. वाल्दोक्कोच्या वसतिगृहाचा तो पहिला रहिवासी होय.

येथून डॉन बॉस्कोंच्या जीवनातील संकटकाळ सुरू होतो. धर्मविषयक वाद त्या काळी फार पेटले होते. डॉन बॉस्कोंनी १८५३ साली कॅथोलिक वाचनमाला या नावाची स्वस्त मासिक पुस्तके काढून आपल्या धर्माचे समर्थन चालविले. ते काहींच्या डोळ्यांत खुपले. त्यांस धमक्या आल्या, विषारी द्राक्षरस पाजण्याचा प्रयत्न झाला, काठीचे व सुरीचे वारही झाले. या हल्ल्यांमागे कोण होते याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. स्वतः संतांनी मारेकऱ्यांवर सूड घेतला नाही, एवढे सांगणे पुरे आहे.

रात्री आजाऱ्यांस भेटून किंवा शहरातील कामे उरकून वाल्दोक्कोस परतताना शेवटची घरे मागे पडली म्हणजे झाडाझुडपांची ओसाड वाट लागे. अशाच एका काळोख्या रात्री डॉन बॉस्को एकटेच येत असता एक प्रचंड कुत्रा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. रंग करडा, तोंड लांबट, कान ताठ, उंची सुमारे एक मीटर, दिसण्यात लांडगाच. प्रथम ते घाबरले. परंतु तो शेपटी हलवू लागला, त्यांनी त्यास गोंजारले, आणि तो त्यांच्याबरोबर ओरेटरीच्या दारापर्यंत चालत गेला. दार उघडताच तो आल्या वाटेने निघून गेला. त्यानंतर ज्या ज्या रात्री सोबतीस कोणी नसे, त्या त्या रात्री झाडीजवळ येताच तो कोठून तरी प्रकट होई. सोबतीस माणसे असली म्हणजे तो दिसत नसे. इटालियन भाषेत करड्या रंगास ग्रिजो म्हणतात. तेच त्याचे नाव पडले.

१८५४ च्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. धुके दाटले होते, पाऊस पडत होता. डॉन बॉस्को कोन्सोलाता देवळाकडून संत कोत्तोलेंगो यांच्या अनाथाश्रमाकडे उतरत होते. पुढे दोन माणसे चालली होती. यांनी पाऊल उचलले की ती उचलीत, हे थांबले की ती थांबत. त्यांचा बेत ओळखून डॉन बॉस्को मागे फिरणार तोच दोघांनी झडप घालून त्यांच्या डोक्यावर झगा टाकिला व तोंडात बोळा कोंबू लागले. ओरडताही येईना. इतक्यात भयंकर गर्जना करीत ग्रिजो धावून आला. एकाच्या तोंडावर त्याने पंजे रोविले, दुसऱ्यावर जबडा वासला. आता तेच दोघे त्या धर्मगुरूची करुणा भाकू लागले. मला जाऊ द्याल तर यास आवरतो, असे डॉन बॉस्कोंनी त्यांस सांगितले आणि ग्रिजोला हाक मारिली. तो तत्काळ बाजूस झाला. मारेकरी पळाले, आणि ग्रिजो आपल्या मित्रास आश्रमाच्या दारापर्यंत पोहोचवून मगच गेला.

या प्रसंगात आम्हांस त्या प्राण्याच्या शक्तीपेक्षा त्याच्या आज्ञाधारकपणाचे अधिक नवल वाटते. दात रोविण्याची पूर्ण संधी असता तो एका शब्दाने थांबला. रक्षण करावे, सूड घेऊ नये, हे संतांचे मन त्या मुक्या जीवास जणू कळले होते.

दुसऱ्या एका संध्याकाळी डॉन बॉस्को काही कामासाठी बाहेर पडणार होते. रात्र झाली आहे, जाऊ नकोस, असे आईने विनविले. परंतु काम निकडीचे होते. दार उघडून पाहतात तो उंबऱ्यावर ग्रिजो आडवा पडलेला. त्यांनी त्यास उठविण्याचा यत्न केला, तेव्हा कधी न गुरगुरणारा ग्रिजो गुरगुरला. माझे ऐकत नाहीस तर निदान या कुत्र्याचे तरी ऐक, असे मार्गारेटबाई म्हणाल्या. संत मागे फिरले. पाव तासही झाला नसेल तोच एक शेजारी धावत आला आणि काही हत्यारबंद माणसे बाहेर टपून बसल्याची वार्ता त्याने दिली.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी आम्ही ही कथा सांगावयास घेतली. एकदा डॉन बॉस्को रात्रीचे भोजन करीत असता ग्रिजो ओरेटरीच्या अंगणात आला. नवी मुले त्यास पाहून भ्याली. कोणी त्यास मारावयास धावले, कोणी दगड उचलले. तेव्हा जोसेफ बुझ्झेत्ती नावाच्या मोठ्या मुलाने त्यांस अडविले व हा डॉन बॉस्कोंचा कुत्रा आहे, यास कोणी इजा करू नये, असे सांगितले. लागलीच हातांतील दगड गळून पडले, मुले त्यास कुरवाळू लागली आणि कान धरून त्यास भोजनगृहात घेऊन गेली. डॉन बॉस्कोंनी त्याच्यापुढे खावयास ठेविले, परंतु त्याने त्यास तोंड लाविले नाही. मेजावर डोके टेकून त्याने एकवार आपल्या मित्राकडे पाहिले, जणू सुखरूप परत आलात ना, एवढेच विचारावयास तो आला होता. त्या रात्री एका सरदाराने डॉन बॉस्कोंस आपल्या गाडीतून लवकर घरी पोहोचविले होते. वाटेत भेट न झाल्यामुळे तो दाराशी आला असावा. मग तो मुकाट्याने निघून गेला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून १८४१ सालचा तो मुलगा आठवा. त्याच्यावर काठी उगारली होती, आणि हा माझा मित्र आहे या शब्दांनी ती अडली. ग्रिजोवर दगड उगारले होते, आणि हा डॉन बॉस्कोंचा आहे या शब्दांनी ते गळाले. ज्या घरात माणसाच्या पोरास कोणी हाकलीत नाही, त्या घरातील पोरे दारी आलेल्या कुत्र्यासही हाकलीत नाहीत. दया ही वाटून दिली असता उणी होत नाही. एकावर करावयास शिकलेला मनुष्य दुसऱ्यावरही करू लागतो.

मार्गारेटबाई १८५६ च्या नोव्हेंबरात देवाघरी गेल्या. हल्ल्यांचे दिवस सरले, तसे ग्रिजोचे येणेही विरळ झाले. १८६६ साली एका रात्री डॉन बॉस्को मोंकुक्कोच्या वाटेवर होते. मोलिया कुटुंबाची हीच ती वाट, जिच्यावरून ते लहानपणी गाठोडे घेऊन गेले होते. अंधार पडला तेव्हा आज ग्रिजो असता तर बरे झाले असते, असे त्यांच्या मनात आले. आणि पाहतात तो ग्रिजो पुढ्यात हजर. त्याने त्यांस मित्राच्या घरी पोहोचविले आणि तो खोलीच्या कोपऱ्यात जाऊन निजला. जेवणे झाल्यावर त्यास खावयास द्यावे म्हणून पाहिले, तर दारे खिडक्या बंद असूनही तो तेथे नव्हता. लहानपणी ज्या वाटेवर त्या पोरास सोबत नव्हती, त्याच वाटेवर प्रौढपणी त्यास सोबत मिळाली, हे पाहून आमचे मन भरून येते. यानंतरही १८८३ साली, समुद्रकाठच्या एका गावी रात्री वाट चुकली असता, त्याच रूपाचा कुत्रा पुन्हा वाट दाखविण्यास आला, असे डॉन बॉस्कोंनी आपल्या सोबत्यांस सांगितले होते. कुत्रे इतकी वर्षे कोठे जगते, असे एका बाईने विचारिले, तेव्हा त्याचा मुलगा किंवा नातू असेल, असे म्हणून त्यांनी विषय हसण्यावारी नेला, असे सांगतात.

हा कुत्रा कोण होता? कोणी त्यास रक्षकदूत मानितात, कोणी एखाद्या गुराख्याचा इमानी कुत्रा समजतात. पवित्र ख्रिस्तसभेने यास चमत्कार म्हणून मान्य करण्याचे बंधन कोणावर घातलेले नाही. डॉन बॉस्कोंनी आपल्या आठवणी लिहिल्या त्यांतही याचा धनी आपणांस कधी कळला नाही, परंतु अनेक संकटांत तो आपणांस ईश्वरी कृपेचे साधन झाला, एवढेच नमूद केले. आम्हीही तेवढ्यावरच थांबतो. तोबीतच्या ग्रंथात तोबियास परदेशी निघतो तेव्हा त्याच्या एका बाजूस राफाएल दूत असतो, आणि मागून घरचा कुत्राही चालू लागतो. परमेश्वराने एकाच प्रवाशाच्या संगतीस स्वर्गीचा दूत व अंगणातील कुत्रा दोन्ही दिले. तेव्हा या दोहोंपैकी ग्रिजो कोणता, हे न ठरविताही देवाचे आभार मानता येतात.

डॉन बॉस्कोंचे उर्वरित चरित्र सर्वांस ठाऊक आहे. १८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी सालेशियन संघ स्थापिला. १८६८ साली वाल्दोक्को येथे ख्रिस्ती जनांची साहाय्यक मारिया हिचे भव्य मंदिर उभे राहिले. १८७२ साली संत मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह भगिनींचा संघ निघाला. १८७५ साली पहिले मिशनरी आर्जेंटिनास गेले. मुलांस शिक्षेच्या धाकाने न वागविता विवेक, धर्म व ममता या तिहींनी वागवावे आणि शिक्षकाने सदैव त्यांच्या सोबत असावे, ही त्यांची शिक्षणपद्धती होय. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी देह ठेविला आणि १ एप्रिल १९३४ रोजी पोप अकरावे पायस यांनी त्यांस संतपद दिले. त्यांचे पुत्र १९०६ साली तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले. माटुंग्याच्या मंदिरात ज्या मातेपुढे आपण नवस करितो, ती त्यांचीच माता.

सदैव सोबत असावे, हे सूत्र संतांनी आपल्या शिष्यांस दिले. ग्रिजोने तेच त्यांच्यासाठी केले. त्याने उपदेश केला नाही, अन्न मागितले नाही, नावही सांगितले नाही. काळोख असेल तेथून उजेड असेल तेथपर्यंत तो बरोबर चालला, आणि दार उघडताच परतला. धर्मग्रामाचे काम याहून निराळे आहे काय? आपल्या या धर्मग्रामात आजही अशी मुले आहेत, ज्यांच्याबरोबर चालणारे कोणी नाही. व्यसनातून सुटून आलेला तरुण आहे, मुले परदेशी गेल्यामुळे रात्री एकटी राहणारी विधवा आहे, मिस्सेस येताना मागच्या बाकावर अंग चोरून बसणारा गरीब आहे. जुबिलीचे दिवे विझल्यावर यांच्यापैकी कितीजण एकटेच घरी जातात, याचा हिशेब देवापुढे द्यावा लागेल.

म्हणून येत्या रविवारी देवळाच्या पायरीशी एखादा कुत्रा बसलेला दिसला तर त्यावर काठी उगारू नये, एवढी आमची नम्र विनंती आहे. तो कोणाची तरी वाट पाहत आहे. आणि त्याच पायरीवर एखादे माणूस एकटे उभे दिसले तर त्याच्याबरोबर चार पावले चालावे. संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू आपणां सर्वांस अशी सोबत देण्याची व घेण्याची कृपा देवो, हीच प्रार्थना.